दगडी धुपाटणं आणि त्यावरची चार नावं

खजूरपाक (धागाकर्ती)

"तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं" ही म्हण इतकी तोंडात बसलीय की धुपाटणं म्हणजे हातात उरलेली टाकाऊ गोष्ट, असंच आपल्याला वाटतं. गेल्या महिन्यात एका धुपाटण्यापुढे मी पाऊण तास उभी होते, म्हणून हा धागा.

आम्ही नऊ वर्षं मस्कतला आहोत. यंदा खरीफात ओमानच्या दक्षिणेला, सलालाला गेलो. (खरीफ म्हणजे तिथला पावसाळा. आपल्या शेतीतला खरीप तो हाच, अरबीतून आलेला.) डोंगर हिरवेगार, धुकं, रस्त्यावर उंट, आणि नवऱ्याचं "हे तर महाबळेश्वर!" दिवसातून चार वेळा. अल बलीदच्या संग्रहालयात मुलं जहाजांच्या दालनात रमली आणि मी एका काचेपुढे अडकले.

आत चुनखडीचा एक ठोकळा. वीतभरसुद्धा नाही. खाली चार बुटके पाय, वर चौकोनी खळगा. बाजूंवर टोकदार हत्याराने ओरखडलेले त्रिकोण, त्यातले काही रेघांनी भरलेले, आपल्या शेणाने सारवलेल्या भिंतीवर काढतात तसे. एक त्रिकोण चुकून वाकडा गेलेला, तो तसाच सोडलेला. आणि खळग्याच्या आत काळं. काजळी! ज्याने शेवटचा निखारा ठेवला त्याला जाऊन दोन हजार वर्षं झाली असतील आणि काळं अजून तिथेच.

घरी येऊन वाचत बसले. असे ठोकळे येमेनमध्ये पुष्कळ सापडलेत: सबा, कताबान, हद्रमौत, मईन या जुन्या राज्यांच्या मुलखात. इसवी सनाआधीच्या पहिल्या सहस्रकापासून ते इ.स. तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंतचे. मोठी धुपाटणी मंदिरांत असत. निमुळता चौथरा, त्यावर चौकोनी वाटी, समोर चंद्रकोर आणि तिच्या कुशीत गोल चकती. चौथऱ्यावर खोट्या खिडक्या कोरलेल्या, म्हणजे एका धुपाटण्यात अख्ख्या देवळाचा दर्शनी भाग. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या, हद्रमौतची राजधानी शबव्याच्या एका धुपाटण्यावर तर उंटावर बसलेला माणूस कोरलाय.

पण मला लळा लागला तो छोट्या ठोकळ्यांचा, कारण त्यातल्या काहींच्या चार बाजूंवर चार शब्द कोरलेले असतात. देवाचं नाव नाही, राजाचंही नाही. आत काय जाळायचं त्याची नावं! आपण मसाल्याच्या डब्यांवर "धणे", "जिरे" अशा चिठ्ठ्या चिकटवतो, तसं. पुन्हा पुन्हा येणारी चौकडी अशी: रंद, दर्व, कमकम आणि कुस्त. (त्यांच्या लिपीत फक्त व्यंजनं. स्वर आपण घातलेले.) इतर ठोकळ्यांवर लदन, कलम, लबनी अशीही नावं येतात. लबनी म्हणजे लोबान, ज्याच्यासाठी हा मुलूख जगप्रसिद्ध.

आता गंमत बघा. कुस्त म्हणजे आपलं कोष्ठ! संस्कृत कुष्ठ, ग्रीक कॉस्तोस, अरबी कुस्त. काश्मीरच्या बाजूला, उंच थंड हिमालयात होणारी मुळी. ज्यांच्या डोंगरात लोबान पाझरतो, ज्यांचा धूर विकत घ्यायला रोमपासून लोक रांगा लावतात, ते स्वतःच्या धुपाटण्यावर काश्मीरच्या मुळीचं नाव कोरून ठेवतात. घरात गाईचं तूप असताना पाहुण्यांपुढे बाहेरून आणलेलं श्रीखंड ठेवावं, तसलं काहीतरी. मला हे फार माणसासारखं वाटलं.

तर प्रश्न: इथे कुणाच्या घरी कोष्ठ आहे का? जाळल्यावर वास कसा येतो? इथे मस्कतला कुस्त मिळतं, पण दुकानदार सांगतो औषधात घ्या, मधातून घ्या. जाळा म्हणत नाही.

चिंचोका

वाखूसा (वाचनखूण साठवली). सविस्तर प्रतिसाद जेवण झाल्यावर.

सुगरण_नसलेली

छानच लिहिलंयस. कोष्ठकोळिंजन आई खोकल्याला मधातून चाटवायची. त्यातलं कोष्ठ ते हेच का? तीस वर्षं मला वाटत होतं की "कोष्ठ" म्हणजे कोठा, पोटासाठीचं औषध!

खजूरपाक

हो, तेच. पोटाचा कोठा वेगळा. दुकानात उपलेट म्हणूनही मिळतं म्हणे.

शिलालेखी

धागा आवडला. थोडी भर, थोडी तक्रार.

भर आधी. या धुपाटण्यांना त्यांच्याच लेखांत म-क-त-र म्हटलंय. धातू क-त-र, धूर करणे. हिब्रूत मंदिरातल्या धुपाला कतोरेत म्हणतात, तो याचाच भाऊ. लिपीचं नाव मुसनद, २९ व्यंजनं, सगळी उभी-ताठ, जणू पट्टी-कंपास घेऊन बसलेत. ओळ उजवीकडून डावीकडे. पण फार जुन्या लेखांत पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, बैल नांगरताना बांधाशी वळतो तशी.

आता तक्रार. कुस्त म्हणजे कोष्ठ हे बऱ्यापैकी पक्कं, पण बाकीच्या नावांबाबत तितकं बिनधास्त राहू नका. लदन म्हणजे लॅडॅनम, एका झुडपाचा चिकट डिंक. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की तो बोकडांच्या दाढीला चिकटतो आणि तिथून काढतात! दर्व हे पिस्त्याच्या जातीतलं झाड. कमकम हाही एक डिंक, रोमन लेखक प्लिनीकडे तो "कँकॅमम" म्हणून येतो. कलम म्हणजे सुगंधी बोरू. काही जण त्याला वेखंड म्हणतात, काही जण नाही. रंद हे अरबी काव्यातलं लाडकं सुगंधी झाड, पण काव्यातल्या झाडाचा पंचनामा करता येत नाही.

टवाळखोर

म्हणजे अत्तर पण क-त-र मधूनच आलं ना? अत्तर, कतर, कत्तर...

शिलालेखी

नाही. अत्तराची सुरुवात ऐन या अक्षराने होते, ही काफने. उच्चार मराठीत आल्यावर सारखे वाटतात, एवढंच. आणि कत्तरचा तर काहीच संबंध नाही.

टवाळखोर

बरं गुरुजी. _/\_

आगाऊ_अण्णा

चंद्रकोर आहे. काही धुपाटण्यांवर नाग आहेत. त्यांच्या देवापुढे बैल पण असायचा असं वाचलंय. चंद्र, नाग, नंदी, धूप! अजून काय पुरावा पाहिजे? हा आपला शंकर आहे, पण इथे म्हटलं की लगेच लोक तुटून पडणार.

चिंचोका

अण्णा, जेवण झालं, आलो. चंद्र सगळ्या गावांत उगवतो हो. नाग सगळ्या रानांत असतो. बैल तर ज्याच्याकडे शेत त्याच्याकडे. तीन गोष्टी जुळल्या म्हणून गोत्र जुळत नाही.

त्यांचे देव त्यांचे आहेत आणि त्यांची नावं शेकडो लेखांत कोरलेली आहेत: सबाचा अल्मकह, कताबानचा अम्म, मईनचा वद्द, हद्रमौतचा सयीन, आणि सगळ्यांचा मिळून अथ्तर. खरा दुवा धागाकर्तीने दिलाय की, कोष्ठाचा. तो मालाचा दुवा आहे, देवाचा नाही. मला तरी तो जास्त मोलाचा वाटतो, कारण माल कुणीतरी खरंच पाठीवर वाहून नेला होता.

शिलालेखी

चंद्राबद्दलच सांगतो. "दक्षिण अरबस्तानात सगळे चंद्राची पूजा करत" हे जुन्या पुस्तकांतलं वाक्य अजून फिरतंय. गर्ट्रूड केटन थॉम्पसन या बाईंनी १९३७-३८ साली हद्रमौतमधल्या हुरैदाला मंदिर खणलं, तिथेही धुपाटणी मिळाली. १९४४ च्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच चंद्रमंदिर आहे. पुढच्या अभ्यासकांनी मात्र अल्मकहाच्या खुणांकडे बोट दाखवलं: बैलाचं डोकं, द्राक्षवेल. यात चंद्रापेक्षा सूर्य किंवा पिकापाण्याचा देव जास्त दिसतो. कोर आणि चकतीची खूणही एकाच देवाला बांधलेली नाही. त्यामुळे धुपाटण्यावर कोर दिसली की "चंद्रदेव" असा शिक्का मारू नये. अण्णांनी तर त्याच्या पुढच्या दोन पायऱ्या एका उडीत चढल्या.

आगाऊ_अण्णा

ठीक आहे. माघार. पण नाग मस्त आहेत.

शिलालेखी

ते आहेतच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात कांस्याचं एक धुपाटणं आहे. पुढे ऐटबाज शिंगांचा रानबोकड उभा आणि मागे नाग. फोटो जरूर शोधा.

दर्यावर्दी

मालाच्या दुव्याला धरून लिहितो, कारण पेशाने आयुष्य बोटीवर गेलं.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाची नोंदवही आहे, पेरिप्लस. त्यात सिंधूच्या मुखावरच्या बार्बरिकॉन बंदराची यादी आहे. तिथे येणाऱ्या मालात लोबान, तिथून जाणाऱ्या मालात कोष्ठ आणि गुग्गुळ. म्हणजे एकाच धक्क्यावर एक गलबत लोबान उतरवतंय आणि दुसरं कोष्ठ चढवतंय. भडोचहूनही कोष्ठ जात असे. जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघायचं, नैऋत्येच्या वाऱ्यावर इकडे यायचं आणि हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर परत. हद्रमौतचं बंदर काना, आज तिथे बीर अली नावाचं गाव आहे. मागे काळा ज्वालामुखीचा डोंगर. लोबान तिथे उंटांवरून यायचा आणि हवा भरलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरूनही.

त्याच डोंगरावरचा शिलालेख १८३४ साली वेलस्टेड या नौदल अधिकाऱ्याने उतरवून घेतला. तो होता "पॅलिन्युरस" या सर्वेक्षण जहाजावर, आणि ते मुंबईच्या आरमाराचं. एडन १८३९ ते १९३२ मुंबई इलाख्यात होतं हे आता कुणाला आठवत नाही. पुढे त्याच जहाजावरचा डॉक्टर हेन्री कार्टर याने धोफारच्या (सलालाभोवतीच्या प्रांताच्या) किनाऱ्यावर लोबानाची झाडं पाहून टिपणं केली. मग मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या जॉर्ज बर्डवूडने या झाडांचा अभ्यास करून एका जातीला कार्टरचं नाव दिलं: बॉस्वेलिया कार्टेराय. एकोणिसाव्या शतकात सोमालिया आणि अरबस्तानचा लोबान आधी मुंबईला यायचा, इथे निवडून, प्रत लावून मग युरोपला जायचा.

चिंचोका

दर्यावर्दी, हा वेगळा धागा होऊ शकतो. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)!

मेळघाटी

लोबानाचं झाड बघायला सलालाला कशाला जाता, आमच्याकडे या. सालई म्हणजे त्याची सख्खी बहीण, बॉस्वेलिया सेराटा. संस्कृतात शल्लकी. खडकाळ उतारावर, जिथे दुसरं काही धड उगवत नाही तिथे उभी असते. साल कागदासारखी पातळ सुटते, उन्हाळ्यात एक पान नसतं. कोयता लागला की दुधासारखा चीक येतो, वाळला की सोनेरी डिंक. आजोबा गोठ्यात संध्याकाळी सालईचा धूर करायचे, डास पळायचे. देवाला वेगळा धूप आणलेला मी पाहिला नाही. गोठ्यातला आणि देव्हाऱ्यातला एकच.

खजूरपाक

मेळघाटी, काय सुंदर. धोफारमध्येही अगदी असंच झाड: खडक, ऊन, सुटणारी साल. तिथले लोक मन्कफ नावाच्या छोट्या हत्याराने साल खरवडतात. पहिल्यांदा आलेला चीक टाकून देतात. काही दिवसांनी परत खरवडायचं, परत थांबायचं. तिसऱ्या वेळेपासूनचा माल चांगला. सर्वांत महाग होजारी, हिरवट-पांढरे खडे, लिंबासारखा वास.

अजून एक घोळ सांगते. मी इथे आल्यावर दुकानात "ऊद" मागितला, तर त्याने लाकडाचे तुकडे दाखवले आणि किंमत ऐकून मी भिंतीला टेकले! अरबीत ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. आपण सोनाराच्या दुकानात, दर्ग्यात, बाळाच्या धुरीला जो ऊद घालतो तो सुमात्रा-जावाकडच्या झाडाचा डिंक. त्याला अरब व्यापारी लुबान जावी, म्हणजे "जावाचा लोबान" म्हणायचे. त्यामुळे भारतात लोबान म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा हे जावी प्रकरण असतं.

सुगरण_नसलेली

म्हणजे आमचा ऊद ऊद नाही आणि लोबान लोबान नाही. झालं, देवाला इतकी वर्षं काय दाखवतोय कोण जाणे.

उंबरठा

सगळे सुगंधात रमलेत म्हणून थोडा हिशेब आणते. प्लिनीने लिहिलंय की लोबान आधी शबव्याला न्यावाच लागे. गावाला एकच दरवाजा उघडा. लोबान लादलेला उंट ठरल्या वाटेवरून भरकटला तर देहदंड! मग देवाचे पुजारी दहावा हिस्सा काढून घेत, तोही वजनाने नाही, मापाने. तोवर विक्री बंद. त्या पैशातून देव ठरावीक दिवशी लोकांना जेवण घाली. मग कताबानची राजधानी तिम्ना, आणि तिथून गाझापर्यंत उंटांचे ६५ मुक्काम. वाटेत पाण्याला पैसे, चाऱ्याला पैसे, मुक्कामाला पैसे, पुजाऱ्यांना, पहारेकऱ्यांना, कारकुनांना. एका उंटामागे ६८८ रोमन दिनार खर्च. जकात नाक्यावर ट्रक अडकल्याचा अनुभव असलेल्यांना हे वाचून घरच्यासारखं वाटेल.

मला धुपाटण्याकडे बघताना हे आठवतं. पुजारी खडा निखाऱ्यावर टाकायचा त्याआधी त्याच खड्याचा दहावा भाग त्याने मोजून घेतलेला असे.

टवाळखोर

देवस्थान ट्रस्ट, स्थापना इसवी सनापूर्वी.

शिलालेखी

एका राहिलेल्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. येमेनच्या दक्षिणेला सोकोत्रा बेट. तिथे होक नावाची खोल गुहा. त्यात खलाशांनी भिंतींवर, दगडांवर नावं लिहून ठेवलीत, दोनशेहून जास्त, आणि त्यातली बहुसंख्य ब्राह्मी लिपीत! भडोचचा अमुक, हस्तकवप्रचा (आजचं भावनगरजवळचं हाथब) तमुक आला होता, अशी. त्याच गुहेत धुपाटणीही सापडली. आणि पाल्मिरा या सीरियातल्या शहराच्या माणसाने ठेवलेली लाकडी पाटी, साल इ.स. २५८.

अंधारात चालत आत जायचं, आपलं नाव लिहायचं, निखारा पेटवायचा. अण्णा, तुम्हाला हवा होता तसा दुवा नाही हा, पण खरा आहे.

आगाऊ_अण्णा

हे आवडलं. मनापासून.

नवा_भिडू

मला असं एखादं जुनं धुपाटणं विकत मिळेल का? परदेशी लिलावाच्या संकेतस्थळांवर दिसतात. बैठकीच्या खोलीत छान दिसेल.

उंबरठा

नको. येमेनमध्ये युद्ध सुरू झाल्यापासून तिथल्या वस्तू पोत्याने बाहेर गेल्यात. २०१५ साली हवाई हल्ल्यात धमारचं संग्रहालय जमीनदोस्त झालं, त्यात साडेबारा हजारांच्या आसपास वस्तू होत्या. २०२३ मध्ये अमेरिकेने तस्करांकडून पकडलेल्या ७७ वस्तू येमेनच्या नावे केल्या, त्यात बहुतेक कोरीव दगडी शिळा. देशात ठेवायला सुरक्षित जागा नाही म्हणून त्या तात्पुरत्या तिकडेच ठेवल्या. सबाची जुनी राजधानी मारिब, तिथली सबाकालीन स्थळं त्याच वर्षी जागतिक वारशाच्या यादीत आली आणि त्याच दिवशी धोक्यातल्या यादीतही. अशा वेळी कुठून आलं हे न सांगता विकायला ठेवलेलं धुपाटणं म्हणजे कुणाच्या तरी थडग्यातून किंवा देवळातून उचललेलं, असंच धरून चाला.

खजूरपाक

+१. हवंच असेल तर सलालाच्या हाफा बाजारात मातीची मिळतात, तिथल्या बायका हाताने बनवतात. चौकोनी, चार पाय, वर खळगा, बाजूंना रंगवलेले त्रिकोण. मी दोन रियालला आणलं आणि घरी काचेतल्या दगडी ठोकळ्याचा फोटो शेजारी धरला, तर आकार तोच! इ.स. चौथ्या शतकाच्या अखेरीस येमेनवर राज्य करणाऱ्या हिम्यरच्या राजांनी जुने देव सोडून एकेश्वर पंथ धरला. देवळांतली मोठी धुपाटणी बंद पडली. पण घरातला ठोकळा कुणी सोडला नाही. पाहुणा आला, कपडे धुतले, बाळंतीण घरी आली की निखारा पेटतोच.

चिंचोका

मूळ प्रश्न राहिलाच की. कोष्ठ जाळलं का कुणी?

सुगरण_नसलेली

जाळलं! आज सकाळी मंडईजवळच्या काष्ठौषधीवाल्याकडे गेले. नुसतं कोष्ठ मागितल्यावर त्याने "कशासाठी?" असं तीनदा विचारलं. जाळायला म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की बस. शिवाय सांगितलं, रानातलं कोष्ठ आता संरक्षित आहे, हे लाहौलकडच्या शेतातलं. पन्नास ग्रॅम घेतलं. करडे-तपकिरी, सुरकुतलेले तुकडे.

सासूबाईंचं पितळी धुपाटणं काढलं, नारळाच्या करवंटीचा निखारा केला, वर बोटभर तुकडा ठेवला. पहिली दोन मिनिटं फार गोड, फुलांच्या पावडरीसारखा वास. मी म्हटलं, वा, म्हणून काश्मीरहून मागवत होते! मग तुकडा तापला आणि त्याच्या मागून आला ओल्या कुत्र्याचा वास. खरंच सांगते, पावसात भिजून घरात शिरलेला मोती. आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "अगं कुणाचे केस जळतायत?"

मग मेळघाटीने लिहिलेलं आठवलं. देव्हाऱ्याच्या खणात सालईच्या डिंकाची जुनी पुडी होती, त्यातला खडा वर टाकला. मोती हळूहळू खाली बसला आणि गोड भाग वर राहिला. त्या ठोकळ्याला चार बाजू का होत्या ते मला तेव्हा कळलं असं वाटतंय, शिलालेखींना पटेल की नाही माहीत नाही.

शिलालेखी

पुरावा म्हणून धरणार नाही. पण मोतीला नमस्कार सांगा.

सुगरण_नसलेली

मोती पलंगाखाली आहे. सासूबाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्यात आणि धुपाटणं राखेने घासायला घेतलंय.